एका पेटीतली तीन नावे

मी, मार्था शांतवन खंदारे, सुतारकाम करणाऱ्या कै. शांतवन खंदारे यांची विधवा, वय अंदाजे सदुसष्ट, धंदा सुईणपण, राहणार मौजे देवसडी, ताडकळसजवळ, जिल्हा परभणी, पूर्ण शुद्धीवर असताना आणि स्वखुशीने हा कागद लिहून ठेवत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले, त्यामुळे अक्षर माझेच आहे. कायद्याचे शब्द तेवढे परभणीच्या वकिलांनी सांगितलेले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. या गावातले निम्मे कर्ते पुरुष माझ्या हातावर जन्मले. पहिली चापट मारून ज्यांना रडवले त्यांच्या दडपणाला मी काय भिणार.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. आता घाई केली, कारण पोटातली गाठ वाढत चालली आहे आणि गेल्या नाताळानंतर चर्चमध्ये जे झाले ते मनातून जात नाही. या कागदातली भांडीकुंडी कोणी पळवली तरी मी थडग्यातून उठून येणार नाही. एक गोष्ट मात्र झालीच पाहिजे. दरवर्षी अठ्ठावीस डिसेंबरला, हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या लेकरांची आठवण आपण चर्चमध्ये करतो, तेव्हा आमच्या गावच्या तीन लेकरांची नावे मोठ्याने घेतली जावीत. तीन. एक नव्हे. खालची सगळी कलमे त्यासाठीच आहेत.

कलम १. मला गावच्या ख्रिस्ती कबरस्तानात, शांतवनच्या शेजारी पुरावे. पेटी साध्या लिंबाच्या फळ्यांची करावी. पोस्टात जे साठले आहे त्यातून हा खर्च करावा आणि उरेल त्याचा चहा सगळ्या वस्तीला पाजावा, दोन्ही आळ्यांना. चहात साखर भरपूर घालावी. माझ्या नणंदेने शांतवनच्या वेळी पाण्यासारखा चहा केला होता, ते लोक अजून बोलून दाखवतात.

कलम २. माझे राहते दोन खणांचे घर मुलगा विश्वास याला द्यावे. तो मनमाडला रेल्वेत आहे आणि त्याला हे घर नको आहे हे मला माहीत आहे. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली, तेव्हा मी मनमाडला नव्हते, मिशनच्या दवाखान्यात दुसऱ्याच बाईजवळ होते. तेव्हापासून त्याची मुलगी सुवार्ता माझ्याजवळ वाढली. ती गेल्यावर तो या घरात एक रात्रही झोपलेला नाही. घर विकले तरी माझी हरकत नाही. फक्त तात्याराव पाटलांच्या घराला विकू नये.

कलम ३. शांतवनची हत्यारे, म्हणजे वाकस, दोन रंधे, करवत, पटाश्या आणि त्यांची पेटी, ही सगळी इम्मानुएल मास्तर यांना द्यावीत. ते आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, उपदेशक होते. हल्ली सेलूला जिनिंगमध्ये राखणदारी करतात आणि प्रभुभोजनाला येत नाहीत. हत्यारे त्यांनाच का, हे कलम पाचमध्ये कळेल.

कलम ४. माझ्या लोखंडी पेटीत तळाशी एक हिरवे लुगडे आणि चोळीचा खण घडी न मोडता ठेवलेला आहे. ते तात्याराव पाटलांच्या पत्नी पार्वतीबाई यांना परत करावे. नात झाली म्हणून त्यांनी सुईणीचा मान पाठवला होता. मी तो कधी अंगाला लावलेला नाही. परत करताना काही बोलू नये, त्यांना समजेल.

कलम ५. आता जागेचे. माझ्या नावाची मोकळी जागा, जिच्यावर पूर्वी आमचे प्रार्थनाघर होते, तिच्या चतुःसीमा अशा: पूर्वेस गावचा रस्ता, पश्चिमेस धुरपताबाई लिंबाजी रणवीर हिचे छप्पर, उत्तरेस ओढा, दक्षिणेस तात्याराव पाटलांचे शेत, ज्याचा बांध दरवर्षी चालत चालत माझ्याकडे येतो. ही जागा शांतवनने निजामाच्या काळात मिशनच्या वसतिगृहाची दारे-खिडक्या करून घेतली होती. प्रार्थनाघरही त्यानेच बांधले. मातीच्या भिंती, वर गवताचे छप्पर, मागे एक खिडकी. जागेच्या मधोमध आता तीन लेकरांची एकच कबर आहे. ती कशी झाली हे लिहिल्याशिवाय ही जागा मला कोणाला देता येत नाही.

सन १९७८. विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यायचा ठराव मुंबईला झाला आणि इकडे मराठवाड्यात वस्त्या पेटायला लागल्या. श्रावण नुकताच लागला होता. आमच्या ओढ्याकाठच्या वस्तीत दोन आळ्या, एक बौद्धांची, एक आम्हा ख्रिस्ती लोकांची. पाणी एका आडाचे, भांडणे आणि लग्नातली पातेली दोन्हीकडची. खुरपणीचे दिवस होते. बाया शेतात जाताना दोन्ही आळ्यांची लहान लेकरे माझ्याकडे प्रार्थनाघरात सोडून जात. आसपासच्या गावांतून बातम्या आल्या तशी तरणी माणसे ज्वारीत, उसात लपायला गेली. लेकरे कुठे ठेवायची हा प्रश्न पडला.

इम्मानुएल मास्तरांना वाटले की आपण ख्रिस्ती, आपला नामांतराच्या मोर्च्याशी संबंध नाही, एवढे पाटलांच्या कानावर घातले म्हणजे झाले. ते दुपारी तात्यारावांच्या घरी गेले. म्हणाले, लहान लेकरे सगळी प्रार्थनाघरात ठेवतो. तुमच्या माणसांना दुरून कळावे म्हणून दारावर नाताळची चांदणी टांगतो आणि आत कंदील लावतो. चांदणी दिसली की समजा, हे देवाचे घर आहे. तात्यारावांनी त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिले. मुलगा दिनकरराव शेजारीच उभा होता. तात्याराव म्हणाले, “जावा मास्तर, बिनघोर ऱ्हावा. आमाला कळतंय की.”

मास्तर परत आले ते हलक्या पायांनी. माळ्यावरची चांदणी काढून त्यांनी कामट्या नीट केल्या, फाटला होता तिथे कागद चिकटवला. श्रावणात नाताळची चांदणी बघून लेकरे हसायला लागली. सुवार्ताने मला विचारले की करंज्या कधी करायच्या. मी सांगितले, पाऊस उघडला की करू.

एवढ्यात तात्यारावांच्या घरून गडी आला. दिनकररावांच्या बायकोला कळा सुरू झाल्या होत्या. मी लेकरांना थोरल्या मुलींच्या हवाली केले आणि गेले. बाई अडली की सुईण घर बघत नाही. आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरलेली सुईण बाळामागची वार पडेपर्यंत उंबरा ओलांडत नाही, हा आमचा नेम. माझ्या आईचा होता, तिच्या आईचाही होता.

दिवेलागणीला ओढ्याकडून ओरडा ऐकू आला. खोलीच्या झरोक्यातून भिंतीवर तांबूस उजेड पडला. मी उठले तर पार्वतीबाईंनी आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मार्थाबाई, भाईर जाऊ नका. आधी लेकरू येऊ द्या.” त्यांनी मला वाचवले की सुनेला, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेले नाही. मुलगी झाली. पायाळू होती, जीव मुठीत धरून ओढावी लागली. तिच्या रडण्याने बाहेरचा ओरडा झाकला गेला. नाळ कापली, वार पडली, हात धुतले, मग पार्वतीबाईंनी कडी काढली. ओट्यावर तात्याराव होते. त्यांनी मला एवढेच विचारले की मुलगा का मुलगी.

वस्तीतल्या लोकांनी सगळे दिवे मालवले होते. काळोखात एकच उजेड होता, आमच्या चांदणीचा. छप्पर पेटले तशी थोरली लेकरे मागच्या खिडकीतून निघाली. सुवार्ताही बाहेर आली होती. झोळीत धुरपताबाईचे तान्हे राहिले आणि त्याच्याजवळ त्याचा भाऊ मिलिंद, तीन वर्षांचा. सुवार्ता त्यांना आणायला परत आत गेली. पाच वर्षांची होती. छप्पर खाली आले.

सकाळी राख उपसली तेव्हा ती तिघे एका कोपऱ्यात एकमेकांना धरून होती. कोण कोणाचे ते, दोघांची नाळ कापलेल्या आणि तिसरीला वाढवलेल्या मला सांगता आले नाही. पुढे लिहिवत नाही. शांतवन तेव्हा हयात होता. त्याने एकच पेटी केली, त्यांना तसेच धरलेले राहू दिले आणि ती पेटी जागेच्या मधोमध पुरली.

आता इम्मानुएल मास्तरांविषयी. त्यांनी आमची लेकरे दाखवून दिली असे गावातले ख्रिस्तीही म्हणतात आणि बौद्धही. ते दोघांच्या तोंडून ऐकून निघून गेले. मी त्यांना दोष देत नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. पूर्वेकडून आलेले ते शहाणे लोक असेच चांगल्या मनाने येरुशलेमात गेले आणि बाळ कुठे जन्मले हे राजाच्याच वाड्यात विचारत बसले. हेरोदानेही त्यांना बसवून पाणी दिले असेल. सोयऱ्यासारखे बोलणाऱ्याच्या पोटात काय आहे हे शहाण्यांना कळत नाही, तर आमच्या मास्तरांना कुठून कळावे. बेथलेहेमच्या आया त्या शहाण्यांना शिव्या देत बसल्या असे शास्त्रात कुठे नाही. मास्तरांनी हत्यारे घ्यावीत, पुन्हा कामट्या तासाव्यात आणि नाताळला या जागेवर चांदणी लावावी. त्यांच्या हातची लावावी. ही माझी त्यांना आज्ञा समजा, विनंती समजा.

कलम ६. वरील जागा मी परभणीच्या आमच्या मंडळीस, नवे प्रार्थनाघर बांधण्यासाठी, देत आहे. मंडळीला ती कधीपासून हवी आहे. परंतु अट आहे.

गेल्या अठ्ठावीस डिसेंबरला रविवार आला होता. मी ताडकळसहून गाडी धरून परभणीला उपासनेला गेले. पाळकसाहेबांनी बेथलेहेमच्या लेकरांची कथा वाचली. मग म्हणाले, आपल्या मंडळीनेही असे एक लेकरू दिले, सुवार्ता विश्वास खंदारे. आणि गाणे सुरू करायला सांगितले. मी उठून उभी राहिले आणि म्हटले, अजून दोन राहिली. बाजाची पेटी वाजवणाऱ्याचे हात थांबले. पाळकसाहेबांनी खुणेने मला बसायला सांगितले. मी गाणे संपेपर्यंत उभीच होते.

नंतर त्यांनी मला आत बोलावून चहा दिला. माणूस वाईट नाही, पावसापाण्यात सायकलवर खेडी फिरतो. म्हणाले, त्या दोघांचा बाप्तिस्मा नाही, मंडळीत नोंद नाही, उपासनेत नाव कसे घेऊ? मी विचारले, बेथलेहेमच्या लेकरांपैकी कोणाचा बाप्तिस्मा झाला होता? एकाचाही नाही. बाप्तिस्मा देणारा योहान तेव्हा स्वतःच अंगावर पीत होता. ती सगळी यहुद्यांची पोरे, आणि आपण त्यांना संत म्हणतो.

मग पाळकसाहेबांनी खरे कारण सांगितले. “मार्थाबाई, आपली मंडळी लहान आहे. ती नावं घेतली की आपण नामांतरवाले ठरतो. उद्या पुन्हा पेटलं तर?” त्यांना भीती वाटते, आणि ती खोटी नाही. पण हीच भीती मास्तरांना पाटलाच्या ओट्यावर घेऊन गेली होती. आम्ही वेगळे आहोत, असे सांगायला. मी त्यांना म्हटले, साहेब, पेटी एक आहे. त्यातून माझी नात वेगळी काढून दाखवा, मग एकच नाव वाचा.

विश्वासही सुरुवातीला रागावला. म्हणाला, निदान माझ्या पोरीचं नाव घेतात ना, तेही घालवशील. बाप आहे, त्याचे चुकले असे म्हणणार नाही. पण मुला, तुझी पोर बाहेर आली होती. ती कोणासाठी परत गेली तेच गाळून तिचे नाव घेतले, तर ते तिचे नाव राहत नाही.

म्हणून अट अशी: मंडळीने प्रार्थनाघराच्या भिंतीत दगड बसवावा आणि त्यावर तिघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत कोरावीत. दर अठ्ठावीस डिसेंबरला पाळकाने ती मोठ्याने वाचावीत. ज्या वर्षी एकच नाव वाचले जाईल, त्या वर्षी ही जागा मंडळीकडून निघून विश्वासकडे जाईल. नावे अशी: सुवार्ता विश्वास खंदारे. मिलिंद लिंबाजी रणवीर. तिसऱ्याचे बारसे व्हायचे होते. मी धुरपताबाईला विचारले की कोणते नाव ठरवले होतेस. ती म्हणाली, “आता नाव ठिवून कुनाला हाक मारू, बाई? तान्हंच म्हना.” तेव्हा तिसऱ्या जागी “धुरपताबाईचे तान्हे” असे कोरावे आणि तसेच वाचावे. ती मुलगी होती.

वकील म्हणतात, नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने धर्मकार्याला जागा दिली तर कागद लिहिल्यावर त्याला वर्षभर तरी जगावे लागते, आणि कागद वेळेत सरकारी कचेरीत ठेवावा लागतो. कागद ठेवायला मी पुढच्या बाजारच्या दिवशी जाते. जगायचे डॉक्टरांच्या मनात नाही, माझ्या मनात आहे. नाहीच जमले तर जागा विश्वासकडे येईल आणि त्याने ती याच अटीवर मंडळीला द्यावी. त्याने शास्त्रावर हात ठेवून मला तसे वचन दिले आहे. या कागदाची अंमलबजावणीही त्यानेच करावी.

कलम ७. त्या संध्याकाळी जी मुलगी माझ्या हातावर जन्मली, तिला मी काही देत नाही आणि तिच्याविषयी मनात काही ठेवतही नाही. ती मला आजी म्हणते. दरवर्षी त्या तारखेला तिच्या घरी पेढे वाटतात आणि ती वाटीतून दोन मलाही आणून देते. मी घेते. पोरीला अजून कोणी सांगितलेले नाही. कधीतरी कोणीतरी सांगावे, पण तिच्यावर ओरडून नव्हे.

कलम ८. माझी सगळी भांडी नणंदेने घ्यावीत. तांब्याचा हंडा तिने आधीच नेलेला आहे, तोही तिलाच दिला असे समजावे.

कलम ९. धुरपताबाई लिंबाजी रणवीर हिला मी या कागदाने काहीही देत नाही. त्याचे कारण लिहिते.

माझी पहिली इच्छा राहते घर तिलाच देण्याची आणि साक्षीलाही तिलाच घेण्याची होती. तिचे छप्पर गळते. नवरा त्या सालानंतर पुण्याला गेला तो आला नाही. पण वकील म्हणाले, ज्याला काही मिळते तो माणूस साक्षीदार असला तर त्याचे मिळणे रद्द होते. दोन्ही होत नाही. मी घरी येऊन तिला सांगितले, तुला घर देते, साक्षीला दुसरे कोणी बघू.

ती ज्वारी निवडत होती, ते सूप तिने खाली ठेवले. हे समजायला मागचे माहीत पाहिजे. त्या संध्याकाळी ती खुरपणीहून ओढ्याच्या बाजूने येत होती. बाकीच्या बाया मागे राहिल्या होत्या, हिला अंगावर पाजायचे होते. तिने दिनकरराव तात्याराव पाटील यांना पाहिले. त्यांनी दाराला बाहेरून कडी घातली, काठीने चांदणी खाली ओढली, तीच पेटवली आणि छपरावर टाकली. तोंड ओळखण्याइतका उजेड होता. आत लेकरे आहेत हे त्या घराला दुपारीच सांगून ठेवलेले होते. तिने जबानी द्यायचा प्रयत्न केला तेव्हा लिहिणाऱ्याने “अज्ञात जमाव” असे लिहिले आणि तिचा अंगठा नको म्हणाला. खटला उभा राहिला. साक्षीदारांत तिचे नाव नव्हते. जे होते त्यांना काही आठवले नाही. पुराव्याअभावी सगळे सुटले, गावात हलगी वाजली. ती कोर्टाच्या बाहेर झाडाखाली भाकरी घेऊन बसली होती, आत कोणी बोलावील म्हणून.

तर सूप खाली ठेवून ती म्हणाली, “घर नगं, बाई. मला साक्षीला घ्या. जल्मात एकदा माझा अंगठा कुनीतरी घ्यावा.”

मी तिला सगळा कागद वाचून दाखवला, दिनकररावांचे नाव आहे ते वाक्य दोनदा. ती याच गावात राहते आणि दिनकरराव आता सरपंच आहेत. मी सांगितले की हा कागद उघडेल तेव्हा मी नसेन, तू असशील. ती म्हणाली की तिला ठाऊक आहे.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, पुन्हा वाचले आणि मला मान्य आहे. देवाने माझ्या आत्म्याचा स्वीकार करावा. लेकरांचा त्याने केव्हाच केला आहे, याबद्दल मला शंका नाही; कोणत्या आळीतले ते त्याने विचारले नसणार.

ठिकाण: मौजे देवसडी
दिनांक: १२ फेब्रुवारी १९८७

सही: मार्था शांतवन खंदारे

साक्षीदार:

१. शिवरुद्र बसप्पा, किराणा दुकानदार, ताडकळस. मार्थाबाईंनी वरील सही माझ्यासमक्ष केली. त्या वेळी दुसऱ्या साक्षीदार हजर होत्या. लेकरांच्या पेटीला पांढरे कापड माझ्या दुकानातून गेले होते, तेवढे मलाही माहीत आहे. (सही)

२. धुरपताबाई लिंबाजी रणवीर, शेतमजूर, मौजे देवसडी. तिने सांगितले तसे शिवरुद्रअप्पांनी लिहून घेतले: मार्थाबाईनं माझ्या डोळ्यांदेखत सही केली. समदा कागद मी आईकला, त्यातलं माझं हाय ते खरं हाय. मी बघितलंय. कुनी इचारलं तर सांगीन.

(डाव्या हाताच्या अंगठ्याची निशाणी)